जुनी गाडी मिसिंग करतेय? इंजिन खोलायच्या आधी हे बघा

मिसिंगची, म्हणजे चालता चालता मध्येच हिसके देणारी, गाडी गॅरेजला आली की मी आधी मालकाला विचारतो, "कधी मारते?" सकाळी पहिल्या सेलला, सिग्नलला उभी असताना, कात्रजचा घाट चढताना, की रात्रभर पाऊस पडून गेल्यावर? या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मं निदान असतं आणि ते उत्तर मालकाकडेच असतं. माझं पुण्यात धनकवडीला छोटं गॅरेज आहे. गिऱ्हाइकांच्या गाड्या बहुतेक दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या, पेट्रोल नाहीतर सीएनजी. एवढं रनिंग झालेल्या गाडीला हिसके यायला लागले की "इंजिन थकलं, खोलावं लागेल" हे वाक्य फार लवकर ऐकायला मिळतं. माणूस घाबरतो, उसनवारी करून इंजिनकाम काढतो, नाहीतर चांगली गाडी मिळेल त्या भावात देऊन टाकतो. मला हे बघवत नाही. जुन्या गाडीचं मिसिंग बऱ्याचदा प्लग, कॉइल (प्लगला जास्त व्होल्टची वीज देणारा भाग), एखादा चिरलेला पाइप किंवा गळकं गॅसकेट यातच निघतं, आणि थोडी हत्यारं नि थोडा धीर असेल तर ते सोसायटीच्या पार्किंगमध्येही सापडतं.

सिलेंडरमधलं मिश्रण पेटलंच नाही किंवा अर्धवट पेटलं, की मिसिंग. पेटायला तीन गोष्टी लागतात: दमदार ठिणगी, हवा-पेट्रोलचं बरोबर प्रमाण आणि पुरेसं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने मिश्रण दाबल्यावर तयार होणारा दाब. शोधायचंही याच क्रमाने, कारण ठिणगी तपासायला सगळ्यात कमी खर्च आणि कॉम्प्रेशनला सगळ्यात जास्त मेहनत. चार सिलेंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर उभं असेल तर प्रत्येक सिलेंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. त्यातला एक पूर्ण मेला, तर सीट, स्टिअरिंग, आरसा सगळं एका ठेक्यात हलतं. अधूनमधून चुकत असेल तर ठेका नसतो, मध्येच एखादा गचका बसतो. ठेका आहे की नाही, हे गॅरेजवाल्याला आवर्जून सांगा.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला असेल तर गाडी सावकाश घरी नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर मात्र पाय ॲक्सिलेटरवरून काढा, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. न जळलेलं पेट्रोल सायलेंसरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत असतं. तो इतका तापतो की आतली जाळी वितळू शकते, आणि मग प्लगच्या कामात कन्व्हर्टरचा खर्च वाढतो. चांदणी चौकाचा चढ "एवढा मारू आणि मग बघू" असं करू नका.

दिवा घालवू नका, आधी वाचा

बॅटरीची तार काढून दिवा घालवायची सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. दिवा जातो, पण त्याबरोबर सगळा पुरावाही पुसला जातो. बिघाडाचा कोड (नंबर) पडला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होतं, लोड किती, पाणी किती तापलं होतं, वेग काय होता, हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जपून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर हे सगळं वाचता येतं. वाचा, स्क्रीनचा फोटो काढा, मगच पुढचं काम.

मिसिंगचा कोड पी ०३०१ म्हणजे पहिला सिलेंडर, ०३०२ दुसरा, ०३०३ तिसरा, ०३०४ चौथा. आडव्या बसवलेल्या इंजिनात बहुतेक वेळा बेल्टकडचा सिलेंडर एक नंबर. पी ०३०० आला तर चूक एका सिलेंडरची नसून फिरती आहे. अशा वेळी चारी कॉइल बदलत बसू नका. सगळ्या सिलेंडरांना मिळून जे लागतं ते बघायचं: पेट्रोलचं प्रेशर, हवेची गळती, ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा), टायमिंग, बॅटरी आणि अर्थिंग. मिसिंगच्या कोडबरोबर दुसरा कोणता कोड आहे तेही सोडू नका. सोबत पी ०१७१ असेल तर मिश्रणात हवा जास्त, म्हणजे रोख इंधन-हवेकडे. सोबत पी ००१६ असेल तर क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बसत नाही, म्हणजे टायमिंग चेन ताणली गेल्याची शंका.

ईसीयूला मिसिंग कळतं कसं, हे माहीत असेल तर कोडवर किती भरवसा ठेवायचा तेही कळतं. क्रँकशाफ्टच्या दातेरी चक्राशेजारी सेन्सर असतो. प्रत्येक सिलेंडर पेटला की क्रँकला धक्का मिळतो. एखादा पेटला नाही की त्या भागात क्रँक किंचित रेंगाळतो आणि सेन्सर ते पकडतो. म्हणजे कोड फक्त एवढंच सांगतो की अमुक सिलेंडरने धक्का दिला नाही. का दिला नाही, ते आपण शोधायचं. कोड ०३०३ आला म्हणून तीन नंबरची कॉइल बदलली आणि पैसे घेतले, हे निदान नव्हे.

स्कॅनर नसेल तर इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढा आणि परत लावा. चांगल्या सिलेंडरचं कनेक्टर काढलं की इंजिन लगेच लंगडतं. ज्याचं काढून काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. पूर्वी प्लगची वायरच उपटून बघायचे. आताच्या गाड्यांवर ते करू नका. कॉइलचा दाब हजारो व्होल्टचा असतो, त्याला वाट मिळाली नाही तर कॉइल आतून फुटते, आणि तुम्हालाही जबर झटका बसू शकतो.

ठिणगी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सासवडला राहणाऱ्या आणि हडपसरला शाळेत शिकवणाऱ्या एक बाई गाडी घेऊन आल्या होत्या. दुसरीकडे त्यांना हाफ इंजिन, म्हणजे इंजिन खोलून करायचं मोठं काम, सांगितलं होतं.

"दादा, सपाटीला गाडी सरळ चालते. संध्याकाळी घरी जाताना दिवे घाटाला लागली की हिसके देते."

"चढताना कुठल्या गिअरला, बाई?"

"चौथ्यात. तिसऱ्यात टाकली की कमी होतं."

हे उत्तर सोन्यासारखं. चौथ्या गिअरला कमी आरपीएमवर ॲक्सिलेटर दाबला की सिलेंडरमध्ये हवा भरपूर भरते, दाब वाढतो, आणि दाब वाढला की प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल किंवा तिचं रबर कमजोर असेल तर वीज प्लगचं टोक सोडून सोप्या वाटेने निसटते. सपाटीला दाब कमी, तिथे तीच कॉइल निभावून नेते. पिस्टनच्या रिंग झिजल्या असत्या तर सिग्नलला, सकाळच्या थंड इंजिनावरही गाडी लंगडली असती.

कोड तिसऱ्या सिलेंडरचा होता. तीन नंबरची कॉइल काढून एकवर लावली, एकची तीनवर. प्लग जागचे हलवले नाहीत, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे फरक पडला ते कळत नाही. कोड पुसून गाडी कात्रजच्या जुन्या घाटात चौथ्या गिअरला चढवली. परत आलो तेव्हा कोड ०३०१ होता. चूक कॉइलबरोबर हलली, म्हणजे कॉइलच.

पण इथे थांबायचं नाही. ती कॉइल हातात घेऊन उजेडात नीट बघितली. खालचं रबरी बूट फुगून मऊ पडलं होतं, बोटांना तेल लागत होतं. आतल्या बाजूला वरून खालपर्यंत केसासारखी काळी रेघ. वीज त्याच वाटेने निसटून हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) जात होती, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर तशीच जोड-रेघ उमटलेली. प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) टॉर्च मारून बघितलं तर तळाला इंजिन ऑइल साठलेलं. टॅपेट कव्हरचं गॅसकेट आणि प्लगच्या विहिरीची सील कडक होऊन गळत होती. दीड लाखाच्या पुढच्या गाड्यांना हे फार बघायला मिळतं. नुसती कॉइल बदलून गाडी दिली असती तर नवीन बूटही थोड्या महिन्यांत तेलात फुगलं असतं. गॅसकेट, सील, एक कॉइल आणि चारी प्लग. हेड जागचं हललंही नाही.

म्हणून कॉइल काढलीत की विहीर बघाच. तेल असेल तर प्लग काढायच्या आधी कापडाने, सिरिंजने टिपून घ्या, नाहीतर ते सरळ सिलेंडरमध्ये उतरतं. धूळ असेल तर हवा मारा. पाणी असेल तर ते आलं कुठून ते शोधा. आपल्याकडे पावसाळ्यात काचेखालच्या जाळीत झाडांची पानं कुजतात, पाणी जायची भोकं बुजतात आणि तेच पाणी इंजिनावर गळतं. वॉशिंग सेंटरला प्रेशरने इंजिन धुऊन घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मिसिंग सुरू झालेल्या गाड्याही येतात. जुन्या गाडीचं इंजिन ओल्या कापडाने पुसा, प्रेशर मारू देऊ नका. उंदीर हाही पुण्याच्या पार्किंगमधला कायमचा त्रास. इंजेक्टर आणि कॉइलच्या वायरी हाताने चाचपून बघा, कुरतडलेली जागा खालच्या बाजूला असते.

जुन्या पद्धतीच्या, लांब प्लग वायरच्या गाडीला एक सोपी तपासणी आहे. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवा आणि स्प्रेच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. वायर चिरलेली असेल तर निळी ठिणगी उडताना दिसते, टिकटिक ऐकू येते. हात लांब ठेवा.

प्लग काढताना इंजिन गार हवं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला तर आटे प्लगबरोबर निघून येतात. प्लग ज्या सिलेंडरचा त्याच क्रमाने कागदावर मांडा. टोक फिकट तपकिरी असेल तर सिलेंडर छान चाललाय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे ठिणगीच नाही. ओला, काळा आणि चिकट म्हणजे रिंगमधून किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येतंय. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा प्लग जास्त तापतोय. चारांपैकी एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल आणि रेडिएटरचं पाणी हळूहळू कमी होत असेल तर हेड गॅसकेटकडे संशय जातो. पाणी रात्रभर सिलेंडरमध्ये झिरपतं, सकाळी पहिल्या सेलला गाडी थोडा वेळ लंगडते, पांढरा धूर टाकते आणि मग सुरळीत चालते. हे लक्षण हलक्यात घेऊ नका.

गॅप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. बहुतेक गाड्यांना ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात मिळेल. प्लग झिजला की गॅप वाढतो आणि त्याबरोबर कॉइलवरचा ताणही. साधे निकेलचे प्लग वीस-तीस हजार किलोमीटरला बदलायचे, इरिडियमचे साधारण लाखभर जातात. प्लग मी नाना पेठेतूनच आणतो, पण ओळखीच्या दुकानातून आणि बिल घेऊन, कारण नकली प्लग खऱ्याच्या खोक्यात येतात. बसवताना आधी नुसत्या हाताने फिरवा. हाताने सरळ फिरला तरच पाना लावा, आणि शेवटचा कस टॉर्क पान्याने.

सीएनजी असेल तर

मिसिंग चालू असताना बटण दाबून गाडी पेट्रोलवर घ्या. फक्त सीएनजीवर मारत असेल तर पुन्हा प्लग-कॉइलकडेच या. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कमजोर ठिणगी आधी गॅसवर उघडी पडते. ती बरोबर असेल तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर. फक्त पेट्रोलवर मारत असेल तर टाकीत महिनोन्महिने तेच पेट्रोल पडून राहिलंय का बघा. कायम गॅसवर चालवणाऱ्यांचे पेट्रोल इंजेक्टर असेच चिकटतात. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पडून राहिलेलं पेट्रोल आणखी त्रास देतं. रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

दोन्हीवर सारखंच मारत असेल आणि ठिणगी ठीक असेल तर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट) मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. गॅस कोरडा असतो, व्हॉल्व्हच्या सीट हळूहळू खाल्ल्या जातात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि क्लिअरन्स कमी होत जातो. शेवटी गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. इंजिन गार असताना मोजा. ज्या इंजिनात क्लिअरन्स जमवता येतो तिथे एवढ्यावर गाडी सुधारते. वेळेवर बघितलं नाही तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि मग हेड खरंच उतरवावं लागतं.

हवा आणि पेट्रोल

सिग्नलला उभी असताना थरथरते आणि रेस दिली की सुधारते, अशी गाडी असेल तर हवेची गळती शोधा. आयडलिंगला इंजिन हवा थोडीच ओढतं, त्यात चिरलेल्या पाइपातून आलेली चोरटी हवा लगेच जाणवते. रेस दिली की तिचा हिस्सा नगण्य होतो. पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत नेणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅसकेट हे तीन आधी. पाइप नुसता वरून बघू नका, वाकवून बघा. चीर बहुतेक वेळा खालच्या वळणावर असते. इंजिन चालू ठेवून संशयाच्या जागी पाण्याचा फवारा मारला की गळतीच्या जागी आवाज आणि आरपीएम क्षणभर बदलतो. काही जण पेट्रोल मारून बघतात. गरम इंजिनावर तसलं काही करू नका.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) दिसत असेल तर फार सोपं होतं. आयडलला ट्रिम अधिक १५-२० आणि २५०० आरपीएमला खाली आली, तर हवेची गळती. उलट, आयडलला ठीक आणि लोडवर वाढत गेली, तर पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर, प्रेशर. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण सात-आठ टक्के इंधन जास्त लागतं, म्हणून जुन्या गाडीवर थोडी अधिकची ट्रिम दिसली तर लगेच गळती समजू नका.

इंजेक्टरचं काम लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्यावर टेकवून आणि मूठ कानाला लावून ऐकता येतं. चारींची टकटक सारखी यायला हवी. एक गप्प असेल तर मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल मारणाऱ्या साध्या इंजेक्टरचा तो बहुतेक १२ ते १६ ओहम असतो. टकटक आहे, रेझिस्टन्स बरोबर आहे, तरी सिलेंडर मेलेला, तर तो इंजेक्टर शेजारच्याशी अदलाबदल करून बघा, कॉइलसारखाच. रेलमधलं (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर उतरवल्याशिवाय पाइप सोडू नका.

कॉम्प्रेशन

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तरच कॉम्प्रेशन गेज आणा. आधी सायलेंसरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरा. तो एकसारखा बाहेर ढकलला जायला हवा. मध्येच आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये.

इंजिन गरम करून बंद करा, प्लग हाताळण्याइतकं निवू द्या, चारी प्लग काढा. इंजेक्टरचे आणि कॉइलचे कनेक्टर काढून ठेवा. पेट्रोलची वाफ आणि मोकळी ठिणगी एकत्र आली तर आग लागते. ॲक्सिलेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलेंडरला सारखाच, पाच-सहा ठोके भरतील इतका सेल मारा. बॅटरी चार्ज असू द्या, नाहीतर चौथ्या सिलेंडरला आकडा उगाच कमी दिसेल. पेट्रोल इंजिनाला बहुतेक १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान येतं. जुन्या इंजिनात आकड्यापेक्षा चारींमधला फरक महत्त्वाचा. १६०, १५५, १५८, १६० हे दोन लाख झालेलं इंजिन उत्तम आहे. १६०, १५५, ९५, १६० असेल तर त्या तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंग, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅसकेट फुटल्याची शक्यता मोठी.

"इंजिन खोलावं लागेल" असं कुणी सांगितलं तर हे चार आकडे कागदावर मागा. आकडे न मोजता हेड उतरवायला परवानगी देऊ नका.

काम झाल्यावर कोड पुसा आणि गाडी ज्या परिस्थितीत मारत होती तिथेच चालवून बघा: चढाला मारत असेल तर चढाला, सकाळी मारत असेल तर रात्रभर उभी ठेवून सकाळी. मग डिपस्टिक काढून वास घ्या. बरेच दिवस मिसिंगवर चाललेल्या गाडीत न जळलेलं पेट्रोल रिंगवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ पडतं. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही लगेच बदलून टाका, शेवटच्या सर्व्हिसिंगला किती किलोमीटर झाले ते न बघता.